बरडावर काय पेरायचं? गायीला विचारा!

शेतकरी बंधू-भगिनींनो, गुराखी भावांनो, नमस्कार. पावसाळ्यात ई-क्लासची, म्हणजे गावच्या चराईसाठी राखलेली सरकारी बरड जमीन हिरवी दिसली, म्हणजे चारा झाला असं समजू नका. तरोटाही हिरवाच असतो. आपण त्याची कोवळी भाजी चवीनं खातो, ढोरं मात्र त्याला तोंड लावत नाहीत.

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या एका गावात दिवाळीआधी आखरावर, म्हणजे गावची ढोरं गोळा होतात त्या जागी, कुरणाची सभा होती. साहेब गवतांची यादी वाचत होते, लोक जांभया देत होते. म्हातारा ढोरकी, म्हणजे गुराखी, उठला. "साहेब, आमाले काऊन इचारता? गायीले इचारा ना!" त्यानं बरडावरून तीन गवतांच्या पेंढ्या आणल्या, मारवेल, पवना आणि पिकलेली कुसळी, आणि टाकल्या गवळाऊ जातीच्या गायीपुढं. तिनं आधी मारवेल ओढलं, मग पवना. कुसळी हुंगली, फुरफुरली, मान फिरवली. ढोरक्यानं कुसळीचं एक बी साहेबांच्या तळहातावर ठेवून वर पाण्याचा थेंब सोडला. थोड्या वेळात बियाची काळपट शेपटी आपोआप पीळ सोडत वळायला लागली! "असंच मेंढीच्या कातड्यात घुसते, साहेब." साहेब वाकून पाहतायत, तेवढ्यात गायीनं त्यांच्या काखेतली यादी ओढली अन् चावायला घेतली. सभा तिथंच संपली.

 

तर, मारवेल आणि पवना निवडा. सोबत स्टायलो टाका, ते द्विदल चारापीक आहे, चाऱ्यात प्रथिनं वाढतात. गवताचं बी हलकं असतं, वाऱ्यानं उडतं. ओली माती अन् शेणखतात कालवून पहिल्या पावसावर वरवर फेका. वरवर, बरं का! तिफणीनं खोल गेलं की उगवत नाही.

पहिल्या वर्षी ढोरं सोडू नका. पुन्हा सांगतो, पहिल्या वर्षी ढोरं नाही, विळ्यानं कापून न्या. पुढं कुरणाचे चार भाग करा. एक भाग बी झडेपर्यंत बंद ठेवा, दरसाल भाग बदला. जुनी कुसळी असेल तर फुलोऱ्याआधीच कापून वाळवा, तेव्हा ढोरं खातात. तरोटा फुलायच्या आत उपटा, पाऊस पडून गेल्यावर मुळासकट येतो. नमस्कार.