मालिका घसरली म्हणजे नेमकं काय झालं?

(जळगावातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय 'डॉक्टर हू' ही इंग्रजी मालिका. पुढच्या रांगांमधल्या बऱ्याच जणांनी ती पाहिलेली नाही, म्हणून आधी थोडक्यात ओळख करून देतो. २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर तिचा पहिला भाग लागला. डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी आहे. त्याचं यान बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोक्यासारखं दिसतं आणि आतून अवाढव्य असतं. त्यात बसून तो काळात, अवकाशात कुठेही भटकतो. १९६६ मध्ये मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा मालिकेने एक विलक्षण वाट काढली. मरायला टेकलेला डॉक्टर शरीर बदलतो आणि वेगळाच माणूस होऊन उठतो. पॅट्रिक ट्राउटन आले आणि गाडी पुढे निघाली. मालिका १९८९ ला बंद पडली, मध्ये १९९६ चा एक दूरचित्रपट येऊन गेला, आणि २००५ ला ती नव्याने सुरू झाली.

३१ मे २०२५ ला ताजं पर्व संपलं. शूटी गाटवा यांचा डॉक्टर गेला आणि शेवटच्या क्षणी पडद्यावर २००५ च्या पर्वातल्या नायिका बिली पायपर यांचा चेहरा आला. पुढे डिस्नेने मालिकेतली भागीदारी सोडली. आपल्या जळगाव-भुसावळची, धुळ्याची जी पोरं-पोरी ही मालिका मोबाइलवर पाहतात, त्यांच्यात वाद पेटला तो तेव्हापासून. एक गट म्हणतो मालिका संपली. दुसरा म्हणतो, तुम्ही दर वेळी हेच म्हणता. आपल्याकडे भरताच्या वांग्यापासून सारंगखेड्याच्या यात्रेपर्यंत सगळ्यालाच जुनी माणसं म्हणतात, "आते पह्यलेसारखं काही ऱ्हायनं नही." त्यामुळे दुसऱ्या गटाचं पारडं आपोआप जड होतं. मला मात्र दोन्ही गटांशी भांडायचं आहे.

आधी जुन्याची बाजू तपासू. १९७६ मध्ये रॉबर्ट होम्स यांनी मालिकेसाठी 'द डेडली असॅसिन' ही कथा लिहिली. डॉक्टरचा स्वतःचा ग्रह, तिथले काळाचे स्वामी, त्यांचं राजकारण असं सगळं तीत होतं. त्याच वर्षी स्थापन झालेल्या चाहत्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी तिच्यावर झणझणीत टीका केली. मालिकेची जादू गेली, देवांसारखे वाटणारे काळाचे स्वामी म्हातारे कारकून करून टाकले, असा तिचा सूर होता. आज तीच कथा उत्तम कथांमध्ये गणली जाते.

असं का झालं? तेव्हा घरोघरी व्हिडिओ नव्हते. बीबीसीने जुन्या टेपा पुसून टाकल्या होत्या. साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग अजूनही सापडलेले नाहीत. म्हणजे १९७६ चा चाहता नवा भाग ताडून पाहत होता तो दहाव्या वर्षी पाहिलेल्या भागाच्या आठवणीशी. अशा तुलनेत नव्याचा निभाव लागणं कठीण. 'द टूम ऑफ द सायबरमेन' ही १९६७ ची कथा अशीच हरवली होती आणि चाहत्यांत तिचं नाव दंतकथेसारखं झालं होतं. पुढे तिच्या फिल्म हाँगकाँगमध्ये सापडल्या आणि १९९२ मध्ये व्हिडिओ कॅसेट बाजारात आली. कथा चांगलीच निघाली, पण अनेकांच्या मनातल्या कथेपेक्षा ती लहान होती.

इथवर दुसरा गट खुशीत असेल. पण 'तक्रार जुनीच आहे' म्हणजे 'तक्रार खोटी आहे' असं होत नाही. घसरण खरोखर होते. नेमकी कुठे होते, ते दाखवता आलं पाहिजे.

डिसेंबर १९८६ मध्ये बीबीसीच्या 'ओपन एअर' या कार्यक्रमात चाहत्यांना बोलावलं होतं. त्यात सोळा वर्षांचा एक मुलगा होता. नुकत्याच संपलेल्या पर्वाचे लेखक पिप आणि जेन बेकर यांना त्याने सरळ सुनावलं की तुमची कथा साचेबद्ध आहे. त्या मुलाचं नाव ख्रिस चिबनल. २०१८ मध्ये हेच चिबनल मालिकेचे सर्वेसर्वा झाले, जोडी व्हिटेकर यांना पहिली स्त्री-डॉक्टर म्हणून घेऊन आले, आणि पुढची काही वर्षं त्यांनाही हेच ऐकावं लागलं. यात दैवाचा खेळ वगैरे मला दिसत नाही. सोळाव्या वर्षी त्यांनी केलेली तक्रार मला पटते, आणि २०२० च्या 'द टाइमलेस चिल्ड्रन'वर इतरांनी केलेली तक्रारही पटते.

त्या भागात डॉक्टरचा जन्म, मूळ, हार्टनेलच्या आधीची असंख्य आयुष्यं उघड होतात. पुष्कळ जण चिडले ते इतिहास बदलला म्हणून. हा मुद्दा मला मान्य नाही. १९७५ च्या 'जेनेसिस ऑफ द डेलेक्स'ने डेलेकांचा, म्हणजे डॉक्टरच्या जुन्या शत्रूंचा, इतिहास बदललाच होता आणि ती मालिकेतली सर्वात थोर कथा आहे, असं मी छातीवर हात ठेवून सांगेन. तिच्यात डॉक्टरच्या हातात दोन वायरी आहेत. त्या जोडल्या की एक अख्खी क्रूर जात जन्मण्याआधीच नष्ट होईल. तो थबकतो आणि विचारतो, मला हा अधिकार आहे का? तिथे इतिहास माणसाला कृती करायला भाग पाडतो. 'द टाइमलेस चिल्ड्रन'मध्ये डॉक्टर अडकून पडते आणि तिचा शत्रू तिला तिचाच इतिहास सांगत राहतो. ती ऐकते, आपणही ऐकतो. माहितीचा डोंगर उभा राहतो, पण त्या माहितीने तिच्यापुढे निवड करण्याची वेळ आणलेली नसते. घसरण म्हणतात ती मला इथे दिसते.

हे एकट्या चिबनल यांचं नाही. १९८५ च्या 'अटॅक ऑफ द सायबरमेन'मध्ये साठच्या दशकातल्या कथांचे इतके संदर्भ होते की नव्या प्रेक्षकाला काहीच लागू नये. २०२४ च्या पर्वाचा शेवट १९७५ च्या सुतेख या खलनायकावर आणला, २०२५ चा शेवट १९८५ मधल्या राणी नावाच्या खलनायिकेवर आणि सत्तरच्या दशकातल्या ओमेगावर. २००५ मध्ये ज्या रसेल टी. डेव्हिस यांनी एका दुकानात काम करणाऱ्या रोझ नावाच्या मुलीच्या डोळ्यांतून आपल्याला ही मालिका नव्याने दाखवली, त्यांचंच हे काम. म्हणून ते जास्त लागतं.

सारंगखेड्याच्या यात्रेत ज्यांनी तमाशा पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. फर्माईशी सुरू होतात. जुनं गाणं आलं की शिट्ट्या, पुन्हा तेच, पुन्हा शिट्ट्या. पहाट होते आणि वग उरतो तासाभराचा, घाईघाईत गुंडाळलेला. दोष फडाचा असतोच, पण फर्माईश करणारे आपण असतो. जुना खलनायक परत आला की पहिल्या मिनिटाला टाळ्या वाजवणारे आणि शेवटच्या मिनिटाला कथा कुठे आहे म्हणून विचारणारे चाहते एकच आहेत.

म्हणून वाद घालताना मी एक कसोटी लावतो. ज्याला मालिकेतलं काहीच ठाऊक नाही अशा माणसाला तो भाग दाखवायचा. स्टीव्हन मोफॅट यांचा २००७ चा 'ब्लिंक' दाखवा. डॉक्टर त्यात फार थोडा वेळ आहे. पापणी मिटली की पुढे सरकणारे दगडी पुतळे, आणि सॅली स्पॅरो नावाची एक हुशार मुलगी. जुनी ओळख असण्याची काही गरज पडत नाही, आणि पाहणारा दुसऱ्या दिवशी पुतळ्यासमोरून जरा जपून जातो. २००८ चा 'मिडनाइट' घ्या. एका बंद गाडीतले मूठभर प्रवासी भीतीने कसे हिंस्र होतात, एवढंच आहे. राक्षस दिसतच नाही.

नावाशिवाय वाचण्याचा हा धडा मराठी विज्ञानकथेलाही चांगला ठाऊक आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक होते जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते नाव घेतलं होतं, कारण आपल्या कीर्तीचं वजन परीक्षकांवर पडू नये अशी त्यांची इच्छा होती. 'कृष्णविवर' तिच्या गुणावर जिंकली. दीर्घ मालिकेच्या प्रत्येक नव्या भागाला असं उभं राहता आलं पाहिजे.

इथे एक प्रश्न मला आधीच लिहून दिला गेला आहे: मग मालिका काही वर्षं बंदच ठेवावी का? १९८९ नंतर काय झालं ते सांगतो. पडदा रिकामा होता, पण १९९१ पासून डॉक्टरच्या नव्या कादंबऱ्या निघू लागल्या आणि त्या लिहिणाऱ्यांत चाहते पुष्कळ होते. पॉल कॉर्नेल यांची 'ह्यूमन नेचर' १९९५ ला आली. बारा वर्षांनी त्यांनीच तिच्यावरून मालिकेचे दोन भाग लिहिले, आणि ते अप्रतिम आहेत. डेव्हिस यांनीही १९९६ मध्ये अशीच एक कादंबरी लिहिली होती. २००५ चं पुनरागमन ज्यांनी घडवलं, त्यांच्यातले कितीतरी जण त्या रिकाम्या वर्षांत लिहून तयार झालेले होते. त्यामुळे खंड पडण्याची मला धास्ती वाटत नाही. नुसता वाद चालू राहून कुणी काहीच लिहिलं नाही, तर मात्र वाटते.

इथल्या ज्या मुलामुलींचे वाद मी ऐकले आहेत, त्यांना मालिकेची बारीक जाण आहे. भुसावळच्या रेल्वे यार्डात, तापीला पूर आलेला असताना ते निळं खोकं उतरलं तर दार कोण उघडेल, हे मला तुमच्याकडून वाचायचं आहे. अहिराणीत लिहिलंत तर अधिक आवडेल. आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.