बेड्या आणि आशीर्वचन

नमस्कार, श्रोतेहो. आज एका चित्राबद्दल बोलायचंय, तेही रेडिओवर. म्हणजे बघायचं काम तुम्हालाच करायचंय.

चित्राचं नाव ‘बेनेडिक्शन इन जॉर्जिया’, जॉर्जियातलं आशीर्वचन. साल १९१६, चित्रकार अमेरिकेचा जॉर्ज बेलोज. काळे कैदी बसलेत, पायांत बेड्या आहेत. समोर उभा गोरा पाद्री आशीर्वाद देतोय. पुन्हा सांगतो. आशीर्वाद देणारा गोरा, घेणारे काळे, आणि बेड्या घेणाऱ्यांच्या पायांत. त्या काळी जॉर्जियात कैद्यांना साखळदंड घालून रस्त्याच्या कामाला जुंपत.

हे शिळाछापाचं चित्र. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं काढायचं, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवायचा. तेला-पाण्याचं जमत नाही, हे फोडणी घालणाऱ्यांना मी काय सांगू! आपल्याकडे रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वती अशाच दगडांवरून घरोघरी पोचली. आता छपाई म्हटलं की चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स. कोण कुणाला शुभेच्छा देतंय तेच कळत नाही! असो.

बेलोजचा एक किस्सा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पहिलं महायुद्ध. १९१५ साली ब्रसेल्समध्ये जर्मनांनी इडिथ कॅव्हेल या इंग्रज परिचारिकेला गोळ्या घातल्या. १९१८ मध्ये बेलोजनं त्या प्रसंगाचं चित्र काढलं. रात्रीची वेळ, पांढऱ्या वेशातली ती बाई जिना उतरतेय, खाली सैनिक. बेलोज जन्मात कधी युरोपात गेला नव्हता. झालं! जोसेफ पेनेल नावाचा चित्रकार, जो स्वतः दगडावर काम करणारा, तो उखडला. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते काढायचंच कशाला? बेलोज काय म्हणाला असेल? म्हणाला, येशूच्या शेवटच्या भोजनाला लिओनार्दोकडे प्रवेशाचं तिकीट होतं, हे मला ठाऊक नव्हतं! त्या भोजनाचं प्रसिद्ध चित्र काढणाऱ्या लिओनार्दोचा जन्म, लक्षात घ्या, येशूनंतर चौदाशे वर्षांनी. तिकीट कुठून काढणार?

जॉर्जियाच्या चित्राबद्दलही मला कुणी विचारतं, हा गेला होता का हो त्या तुरुंगात? मी बेलोजचंच तिकीट दाखवतो.

१९२५ साली अपेंडिक्स फुटून तो गेला. वय अवघं ४२. चित्र इंटरनेटवर सापडेल. बघाल तेव्हा पाद्र्याकडे नंतर बघा, आधी पाय बघा. नमस्कार.