संस्कृत सगळ्यांना सारखीच अवघड?

(दृश्य : सिद्धेश्वर तलाव, पाण्यातलं मंदिर)

सोलापूरचं ग्रामदैवत कवी होतं. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवण्णा आणि अल्लमप्रभू या संतांच्या काळातले. शास्त्रार्थ संस्कृतात चालायचा, तेव्हा त्यांनी वचनं, म्हणजे छोटी भक्तिकाव्यं, रचली ती कन्नडमध्ये. आजही सिद्धेश्वराच्या जत्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, संमती कट्ट्यावर लग्नविधीच्या अक्षता पडतात, तेव्हा ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ कानावर येतं. त्यातलं संस्कृत कुठलं आणि कन्नड कुठलं, हे गर्दीत कुणी विचारत नाही. अक्षता टाकायला व्याकरण लागत नाही!

(दृश्य : पूर्व भाग, यंत्रमागांचा खडखडाट)

तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा भाग वसवला. घरात तेलुगू, बाजारात मराठी. शेजारच्या मोहल्ल्यात दखनी वळणाची उर्दू. अक्कलकोटकडून येणाऱ्या एसटीत अर्ध्या गप्पा कन्नडमध्ये. महापालिकेच्या शाळाही मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार माध्यमांच्या.

अशा गावात कुणी म्हणालं, देशाला एकच भाषा हवी आणि ती संस्कृत असावी, तर लोक हसतील. हसण्याआधी १९४९ चा सप्टेंबर आठवायला हवा.

(दृश्य : संविधान सभेची जुनी छायाचित्रं)

संविधान सभेत राजभाषेवरून कडाक्याचा वाद चालला होता. हिंदीवाले आक्रमक, दक्षिणेतले सदस्य अस्वस्थ. त्यात बंगालचे लक्ष्मीकांत मैत्र यांनी संस्कृत हीच राजभाषा करावी, अशी दुरुस्ती मांडली. पाठीशी नझिरुद्दीन अहमद होते. संस्कृतचा हा कैवार एका बंगाली मुसलमान सदस्याने घेतला, हे आज कुणाला पटकन खरं वाटणार नाही. त्या दिवसांतल्या बातम्यांनुसार पाठिंबा देणाऱ्यांत खुद्द डॉ. आंबेडकर होते. पत्रकाराने छेडलं, तेव्हा त्यांनीच उलट विचारलं, संस्कृतमध्ये वाईट काय आहे?

युक्तिवाद बिनतोड वाटतो. संस्कृत कुठल्याच प्रांताची नाही, म्हणून कुणाचं वर्चस्व नाही. तमिळ माणसाला आणि बिहारी माणसाला ती सारखीच अवघड.

दुरुस्ती टिकली नाही. १४ सप्टेंबरला हिंदी राजभाषा ठरली, इंग्रजीला पंधरा वर्षांची मुदत मिळाली. ती मुदत संपली, इंग्रजी गेली नाही. राष्ट्रभाषा असा दर्जा मात्र संविधानाने कुठल्याच भाषेला दिलेला नाही. संस्कृत आठव्या अनुसूचीत, म्हणजे संविधानातल्या भाषांच्या यादीत, आली, आणि हिंदीने शब्द घ्यावेत ते मुख्यतः संस्कृतातून, असं कलम ३५१ सांगतं. २०११ च्या जनगणनेत संस्कृत ही मातृभाषा सांगणारे होते २४,८२१.

(दृश्य : शाळेचा वर्ग)

आता ‘सारखीच अवघड’ हे सोलापुरात तपासू. प्रांताप्रांतांत संस्कृत तटस्थ आहे, हे मान्य. घराघरांत ती तटस्थ नाही. ज्या घरात आजोबा सकाळी स्तोत्र म्हणतात, तिथल्या मुलीला दहावीत संस्कृत म्हणजे हमखास मार्कांचा विषय. ज्या घरात आई दिवसभर विड्या वळते, तिथली मुलगी तेलुगू, मराठी, हिंदी, इंग्रजी एवढं आधीच ओढते आहे. दोघींना ती परकी आहे, पण दोघींचं अंतर सारखं नाही. आंबेडकरांना तर शाळेत संस्कृत घेऊ दिली गेली नव्हती, फारसी घ्यावी लागली. तरीही त्यांनी ती बाजू घेतली. मला यात त्यांचा मोठेपणा दिसतो, युक्तिवादाची सिद्धता नाही. त्यांच्याच बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये याच सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह उघडलं. शाळेच्या दारापर्यंत पोचण्यातच दमछाक होते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

संस्कृतबद्दल या शहरात आकस नाही. इथल्याच जैन संस्कृती संरक्षक संघाने १९४० च्या दशकापासून प्राकृत आणि संस्कृत ग्रंथ नेटाने छापले. आवडीने शिकणं वेगळं, सक्ती वेगळी. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, रान पेटलं, आणि जूनअखेर सरकारला तो मागे घ्यावा लागला. हिंदी तर लोकांना सिनेमातून येते.

(दृश्य : शाळा सुटते, मुलं रस्त्यावर)

म्हणून संस्कृतचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी पूर्व भागातल्या एखाद्या तेलुगू शाळेत यावं. शिक्षक कुठून आणणार, पगार कोण देणार आणि वेळापत्रकातला कुठला तास काढणार, हे तिथल्या पालकांना समोर बसून सांगावं. तेलुगूत सांगता आलं तर उत्तम, मराठीही चालेल.