वाऱ्याची तारीख

(दृश्य: मे महिन्याची अखेर. हर्णै बंदर.)

मे संपत आला की हर्णैच्या बंदरात होड्या एकेक करून वर ओढल्या जातात. जाळी धुऊन, सुकवून आत जातात. उघड्यावरच्या होड्यांवर झाप चढतात. घराघरांत आगोटीची घाई सुरू होते. सुकं म्हावरं, कोकमं, लाकूडफाटा सगळं पाऊस लागायच्या आत भरायचं असतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी. कारण विचारलंत तर लहान पोरसुद्धा सांगेल, मान्सून येतोय.

शब्द इंग्रजी. पण इंग्रजांना तो सापडला याच समुद्रावर.

त्याचं मूळ अरबी 'मौसिम'. 'वसम' म्हणजे खूण करणे. मौसिम म्हणजे खूण करून ठेवलेली वेळ. ती जत्रेची असेल, सुगीची असेल, हजयात्रेची असेल. अरबी नाविकांनी या शब्दाला समुद्रावर आणखी नेमका अर्थ दिला: अमुक बंदरातून अमुक बंदराकडे निघण्याची तारीख. पंधराव्या शतकात इब्न माजिद या नाविकाने असे मौसिम लिहून ठेवले. त्या अर्थाचा केंद्रबिंदू पाऊस नव्हता. वारा होता.

(दृश्य: अरबी समुद्राचा नकाशा. बाण नैऋत्येकडून ईशान्येकडे, मग उलटे.)

उन्हाळ्यात आशियाची जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते आणि वारा नैऋत्येकडून जमिनीकडे वाहू लागतो. हिवाळ्यात जमीन निवते, वारा उलटतो, ईशान्येकडून समुद्राकडे जातो. शिडाच्या गलबतांचा सगळा व्यापार या येण्याजाण्यावर बेतलेला होता. भर जून-जुलैत आपला किनारा जहाजांना बंदच. नैऋत्येचा जोर ओसरला की आफ्रिका-अरबस्तानाकडची गलबतं इकडे लागत आणि हिवाळी वाऱ्यावर परत जात. चौल, दाभोळ ही बंदरं या हिशोबावर जगली. दाभोळला आखाती घोडे उतरत, आणि तिथूनच यात्रेकरू मक्केला निघत.

हा हिशोब चुकला तर काय होतं, ते वास्को द गामाच्या पहिल्या सफरीत दिसतं. 24 एप्रिल 1498 रोजी तो आफ्रिकेतल्या मालिंदीहून निघाला. सोबत हे पाणी जाणणारा वाटाड्या होता, पाठीशी नैऋत्येचा वारा होता, आणि महिन्याच्या आत तो कालिकतच्या किनाऱ्याला लागला. परतताना मात्र त्याने योग्य वाऱ्याची वाट पाहिली नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून शिडं उभारली, तेव्हा ईशान्येचा वारा अजून धरलेला नव्हता. कधी वारा पडलेला, कधी तोंडावर. तोच समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने गेले. हिरड्या सुजून, अंग सुजून तीसेक माणसं वाटेतच मेली. कोकणातला कुठलाही तांडेल त्याला थांब म्हणाला असता, असं मला मनापासून वाटतं.

पोर्तुगीजांनी मग तो शब्द आपलासा केला. त्यांच्या तोंडी त्याचं 'मोन्सांव' झालं, डचांनी आपल्या परीने तो वळवला, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत पोचला. यान हुइगेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण 1583 ते 1588 गोव्यात आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. त्याचा वृत्तांत 1598 मध्ये इंग्रजीत आला आणि इकडच्या वाऱ्यांची वेळापत्रकं लंडनच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडली. पुढे धूमकेतूवाल्या एडमंड हॅले यांनी 1686 मध्ये या वाऱ्यांचा नकाशा छापला.

मराठीत हा शब्द दोनदा आला आहे. फारसी-उर्दूच्या वाटेने आलेला मोसम, ज्यावरून 'मोसमी वारे' झाले. आणि लिस्बन, ॲमस्टरडॅम, लंडन फिरून परतलेला मान्सून. शाळेच्या भूगोलात दोघं शेजारी छापलेले असतात, आणि ते एकाच घरचे आहेत हे सहसा कुणी सांगत नाही.

अर्थ सरकत गेला तो जमिनीवर. शेतकऱ्याला, महसूल गोळा करणाऱ्या साहेबाला वाऱ्याशी काय देणंघेणं? त्यांना पाऊस हवा. म्हणून भारतातल्या इंग्रजीत, आणि मग आपल्याकडेही, मान्सून म्हणजे पाऊसच झाला. शास्त्रज्ञ मात्र ऋतूप्रमाणे उलटणाऱ्या वाऱ्यांच्या साऱ्या व्यवस्थेला मान्सून म्हणतात. म्हणूनच हा शब्द आज पश्चिम आफ्रिकेला, उत्तर ऑस्ट्रेलियाला, अमेरिकेतल्या ॲरिझोनालाही लावतात.

(दृश्य: वेंगुर्ले. काळं आभाळ, किनाऱ्यावर माणसं.)

आपल्या हवामान विभागाच्या कसोटीतही तो जुना अर्थ शाबूत आहे. केरळात मान्सून दाखल झाला असं जाहीर करायला नुसता पाऊस पुरत नाही. ठरवलेल्या 14 केंद्रांपैकी किमान 60 टक्के ठिकाणी सलग दोन दिवस पाऊस लागतो; शिवाय पश्चिमेकडचे वारे आभाळात पुरेशा उंचीपर्यंत भरलेले लागतात आणि ढगांचं आच्छादनही पुरेसं दाट लागतं. त्यामुळे मे महिन्यात वेंगुर्ल्याला धो धो कोसळला, रस्त्यावरून पाणी वाहिलं, तरी वारा फिरलेला नसेल तर तो वळीवच. आणि मिरगाची वाट बघणारा शेतकरी त्या पावसावर भाताचा तरवा टाकत नाही.