फिट्झजेराल्ड आणि क्वीन्सलँडचा ऊस

हा जो हिरवागार पट्टा ड्रोनमधून दिसतोय ना, एका बाजूला डोंगर अन् दुसऱ्या बाजूला वळत जाणारी नदी, हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं इनिसफेल. इथं वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि नजर जाईल तिथं ऊसच ऊस. या भागात साखरेचा धंदा उभा करायला 1880 मध्ये एक आयरिश माणूस आला, थॉमस हेन्री फिट्झजेराल्ड.

जन्म 1824 चा, आयर्लंडच्या मोनाहन परगण्यातल्या कॅरिकमॅक्रॉसचा. तरुणपणीच न्यूझीलंड गाठलं, जमीन मोजायचं काम धरलं, आणि 1859 मध्ये हॉक्स बे प्रांताचा पहिला सुपरिंटेंडंट, म्हणजे प्रांताचा प्रमुख, झाला. तिथून क्वीन्सलँड. हा जुना नकाशा बघा, मॅकाय शहराचे हे सरळ सरळ रस्ते 1863 मध्ये त्यानंच आखले, आणि मग ज्या जमिनी मोजल्या तिथंच ऊस लावायचं त्याच्या मनात आलं. जॉन इविन डेव्हिडसनला सोबत घेऊन त्यानं अलेक्झांड्रा मळा काढला, 1868 मध्ये गिरणी सुरू झाली.

आता त्या काळी साखर कशी व्हायची ते नीट बघा, कारण सगळी कहाणी यातच आहे. ऊस हातानं तोडायचा, वाढं छाटायचं, मोळ्या गाडीत टाकून गिरणीत आणायच्या. लोखंडी रोलरमधून रस काढायचा, त्यात चुना टाकून मळी वर आणायची, मळी काढत काढत रस आटवायचा, एका काहिलीतून दुसऱ्या काहिलीत, शेवटी पाक इतका घट्ट की दाणा धरतो, मग तो थंड करून काकवी निथळवायची. चिपाडं उन्हात वाळवून परत भट्टीलाच घालायची. आपल्याकडं गुऱ्हाळावर गेलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. तोडलेला ऊस पडून राहिला तर खराब होतो, म्हणून हंगामात माणसाला उसंत नाही, आणि ही माणसं म्हणजे व्हानुआटू आणि सॉलोमन बेटांवरून जहाजानं आणलेले लोक. कुणी करार करून आले, कुणाला फसवून आणलं, कुणाला सरळ पळवून. 1863 ते 1904 दरम्यान असे साधारण 62,000 करार झाले आणि कित्येक जण तिथंच मेले.

1875 ला मॅकायच्या उसावर तांबेरा पडला, मळेवाल्यांची पार वाट लागली. पाच वर्षांनी फिट्झजेराल्ड उत्तरेला जॉनस्टन नदीवर आला, आणि यावेळी पाठीशी पैसा होता ब्रिस्बेनचे कॅथलिक बिशप जेम्स क्विन आणि ऑल हॅलोज मठातल्या सिस्टर्स ऑफ मर्सी या जोगिणींचा. जंगल तुटलं, ऊस लागला, गाव वसलं, फिट्झजेराल्डच्या नावावरून गावाला जेराल्डटन म्हणायला लागले, पुढं 1910 ला ते इनिसफेल झालं.

ही जमीन मामू लोकांची, म्हणजे इथल्या मूळ आदिवासींची होती, आहे. आणि ज्या नदीच्या काठानं आपण आत्ता जातोय तिला नाव कुणाचं दिलंय तर रॉबर्ट जॉनस्टनचं, नेटिव्ह पोलिसांचा, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या आदिवासी शिपायांच्या दलाचा अधिकारी. 1872 ला मारिया नावाचं जहाज किनाऱ्याजवळ समुद्रातल्या प्रवाळ खडकावर फुटलं, त्यातली काही माणसं मारली गेली, तेव्हा बदला म्हणून आदिवासींवर गोळ्या झाडणाऱ्या तुकड्या यानंच नेल्या होत्या. पुढच्याच वर्षी डॅलरिम्पल नावाच्या शोधप्रवाशाच्या मोहिमेनं नदीला त्याचं नाव दिलं. ते नाव नकाशावरून हटलंच पाहिजे, असं आम्हाला वाटतं.

फिट्झजेराल्ड 1888 मध्ये वारला. बेटांवरून मजूर आणणं बंद करणारा 1901 चा कायदा आला आणि बेटांवरच्या बहुतेक मजुरांना परत धाडलं. हा पांढऱ्या संगमरवराचा ऊसतोड्याचा पुतळा पुढं ऊसतोडीला आलेल्या, गावातल्या इटालियन लोकांनी 1959 मध्ये बसवला. बेटांवरून आलेल्यांची जी नातवंडं-पतवंडं इथंच राहिली, त्यांना एक वेगळा समाज म्हणून ऑस्ट्रेलिया सरकारची मान्यता मिळायला 1994 उजाडलं.