पाठीचा कणा, किलोच्या भावात

(दृश्य: रविवारची सकाळ, जुना बाजार. जमिनीवर मांडलेल्या वस्तूंवरून सरकणारा कॅमेरा.)

बुधवार आणि रविवार, पुण्यातला जुना बाजार भरतो तो याच दोन दिवशी. नळाच्या तोट्या, एकाच पायाचा बूट, कुलपं हरवलेल्या किल्ल्या. या पसाऱ्यात आमचा मित्र सॅकची फ्रेम शोधतोय. म्हणजे तयार फ्रेम नाही, फ्रेम होऊ शकेल असं काहीही.

त्याच्या हातातल्या दोऱ्याकडे बघा. टोकाला जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक आहे. हवंय अ‍ॅल्युमिनियम, म्हणून चिकटलं की वस्तू परत खाली. नाही चिकटलं तरी खात्री नाही, कारण स्टेनलेस स्टीलच्या बऱ्याच भांड्यांनाही चुंबक चिकटत नाही. मग हातात घेऊन तोलायचं. एकाच मापाची पट्टी लोखंडाची असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट भरते.

(दृश्य: कुबडी, जवळून.)

ही सापडली. कोणाची तरी कुबडी, रबराचं बूच झिजलेलं, नळी मात्र सरळ. "किलोवर देतो, घ्या." तराजूत पडली, पिशवीत गेली. हिच्या नळीतून फ्रेमचा आडवा दांडा निघणार आहे.

फ्रेम लागते कशाला? सॅकचं ओझं नुसत्या खांद्यांवर लोंबकळलं की दोन तासांत मान धरते. तेच ओझं कमरेच्या हाडावर उतरवायचं तर खांदा आणि कंबर यांच्यामध्ये न दुमडणारं काहीतरी हवं. ही गोष्ट माणसाला फार पूर्वी कळली होती. 1991 साली आल्प्समध्ये, इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, बर्फात एक मृतदेह सापडला. सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा. त्याच्याजवळ हेझलच्या झाडाची इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली काठी होती आणि लार्चच्या फळ्या. ती पाठीवरच्या ओझ्याची चौकट असावी, असं संशोधक मानतात. कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या नळीच्या फ्रेमच्या सॅक विकायला सुरुवात केली ती 1952 मध्ये. तोवर अशा चौकटी बहुतेक लाकडाच्याच असत. आपल्याकडे तर लाकडाहूनही सरस वस्तू आळीत उभी आहे.

(दृश्य: बुरुड आळी. भिंतीला टेकवलेले बांबू, सुपं, टोपल्या. कोयत्याचा आवाज.)

"पाठीला लावायला? बांबू?" टोपल्या विणणाऱ्या मावशी आधी हसल्या. मग त्याला पाठमोरा उभा केला आणि वितीनं मोजायला लागल्या. मानेखालचं उठून दिसणारं हाड ते कमरेचं हाड. पन्नास सेंटिमीटर, आम्ही नंतर टेपनं पाहिलं.

आता हे सलग बघा, आम्ही मुद्दाम कापलेलं नाही. कोयता टोकाला बसतो, बांबूवर एक ठोका, आणि चीर आपोआप पुढे धावते. मधे पेर, म्हणजे बांबूची गाठ, आलं की अडते. मावशी मनगट जरा फिरवतात, पुन्हा धावते. कामटी, म्हणजे बांबूची चिरलेली पट्टी, तासताना त्या आतली, पांढरी बाजू काढतात आणि वरच्या हिरव्या सालीला हात लावत नाहीत. बांबूचे धागे सालीकडे दाट असतात, ताकद तिथेच. मग कामटी जाळावर धरायची, एका जागी ठेवायची नाही, सारखी मागेपुढे. साल चकाकायला लागली की गुडघ्यावर दाब द्यायचा. पाठीला येतो तसाच बाक. ओल्या फडक्यानं पुसलं की बाक तिथेच राहतो.

"पेर तासू नकोस हं बाळा."

(दृश्य: स्वयंपाकघरातला वजनकाटा.)

खिडक्या करणाऱ्याकडून आणलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, पंचवीस मिलिमीटर रुंद, तीन जाड. दोनशे ग्रॅम. मावशींच्या दोन कामट्या एकशे तीस. काटा दोनदा शून्यावर आणून पाहिला. कार्बन फायबरची नळी याहूनही हलकी पडली असती, पण ती विकणाऱ्यानं कॅमेरा आत आणू दिला नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही फार आग्रह केला नाही.

दोन उभ्या कामट्या, वर कुबडीचा दांडा, सांध्यांना नायलॉनचा दोरा. टेलरमामांनी मशीनवर दोन उभे खिसे शिवून दिले, त्यात कामट्या सरकल्या.

(दृश्य: राजगड, पहाट. पाली दरवाजाकडे जाणाऱ्या पायऱ्या. नंतर पद्मावती माची.)

अकरा किलो भरून सॅक चढली. उतरताना डावी कामटी तडकली. दोरानं बांधली, खाली आलो.

(दृश्य: पुन्हा बुरुड आळी.)

मावशींनी तुटलेली कामटी उजेडात धरली. अंगठा फिरवत तडकलेल्या जागेवर आणला. तिथलं पेर आतून सपाट होतं. पाठीला टोचतंय म्हणून त्यानं आदल्या रात्री पॉलिश पेपरनं घासलं होतं.

"तासलंसच ना शेवटी?"

तो काही बोलला नाही. मावशींनी भिंतीचा दुसरा बांबू ओढला, पेरं मोजली आणि कोयता उचलला.

(दृश्य: बांबूवर पडणारा पहिला ठोका. अंधार. नावं.)