गॅस संपत नाही, गॅस गळतो

श्रोतेहो, नमस्कार. घरातला जुना एसी थंड करेनासा झाला की येणारा पहिला माणूस काय म्हणतो, हे तुम्हाला पाठ असेल. "साहेब, गॅस संपला." अहो, गॅस म्हणजे काही स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. बंद नळ्यांतून तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. गॅस संपत नाही, गॅस गळतो. पुन्हा सांगतो, गॅस संपत नाही, गळतो. आणि गळत असेल तर आधी गळती शोधायची, मग भरायचा.

हे मी आज ऐटीत सांगतोय, पण गेल्या मे महिन्यात माझीही मती गुंग झाली होती. आमचा एसी दीड टनाचा, 12 वर्षांचा, इन्व्हर्टर नसलेला. नागपूरचा मे. आतलं युनिट वारा मारतंय, पण वारा कोमट. पहिला मेकॅनिक आला, पाइपला हात लावला आणि म्हणाला, गॅस. दुसरा आला, गच्चीवर बाहेरच्या युनिटपाशी दोन मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, कॉम्प्रेसर बसला, म्हणजे गॅस फिरवणारा पंपच गेला, 15 हजार. त्यापेक्षा नवीनच घ्या, जुना मी उचलून नेतो! दोघांनीही पिशवीतून मीटर काढला नाही.

तिसरा आला तो स्कूटरच्या पायाशी गॅसचा सिलिंडर ठेवूनच. म्हणजे निदान घरूनच करून आलेला. आम्ही गच्चीवर गेलो. तिथं आई वाळत घातलेल्या कुरडया उलटत बसली होती. युनिट सुरू केलं. हुं... असा घुमल्याचा आवाज, मग टक्, मग सगळं चूप. थोड्या वेळानं पुन्हा हुं..., पुन्हा टक्. आईनं मान वर न करता विचारलं, "काहून रे, आपल्या पंख्याचं कंडेन्सर गेलं होतं तेव्हा असाच घुमत होता ना तो? काठीनं ढकलावं लागे."

मेकॅनिक हसला. मग हसायचा थांबला. त्यानं मेन स्विच बंद केला, पत्रा उघडला. आत कपॅसिटरचा डबा, कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा, आपण ज्याला कंडेन्सर म्हणतो तो, वरून पुरीसारखा टम्म फुगलेला. डब्यावर छापलेली ताकद 45 मायक्रोफॅरड, मीटरवर आली 11. नवा डबा 400 रुपयांचा. सिलिंडर जसा आला तसा खाली गेला. आईनं कुरडया उलटायचं काम सोडलं नव्हतं.

आता तुमच्यासाठी थोडं. एसी 20 मिनिटं चालू द्या. आत ओढली जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा, दोन्हींचं तापमान साध्या थर्मामीटरनं मोजा. साधारण 8 ते 12 अंशांचा फरक असेल तर यंत्र आपलं काम करतंय. तरी खोली गार होत नसेल तर जाळी धुवा, दारं-खिडक्या बघा. फरक नसेल तर येणाऱ्या माणसाला म्हणा, मोजून दाखवा. कॉम्प्रेसर किती अँपिअर घेतो, दाखवा. गळती कुठं आहे, साबणाचे बुडबुडे दाखवा. मोजल्याशिवाय पार्टचं नाव नको. मोजल्याशिवाय पार्टचं नाव नको. आणि गॅस भरायचाच असेल, तर युनिटच्या पाटीवर लिहिलाय तोच. आर-22 च्या मशीनमध्ये आर-32 चालत नाही, तो पेट घेणारा असतो. पत्रा मात्र स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यावरही तो डबा झटका देतो.

जाता जाता एक बोलून घेतो, विषय सुटला तरी चालेल. 18 वर एसी लावून गोधडी पांघरणाऱ्यांचं मला नवल वाटतं. 2020 पासून नवे एसी 24 वर सुरू होतात, ते उगाच नाही. आणि खरं सांगू? वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारल्यावर जो वास सुटतो, तो कुठल्याच एसीला जमलेला नाही.

हां, तो फुगलेला डबा आईनं टाकू दिला नाही. देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात आहे. परवा फ्रिज बघायला एक जण आला. दार उघडून त्यानं "गॅस..." एवढंच म्हटलं, आणि आई उठून फडताळाकडे निघाली.

नमस्कार.